महाविद्यालयाचें नांव व त्याची किंमत

मे महिन्याच्या अखेरीस शेतकऱ्याच्या घरीं दोन खर्च एकाच वेळीं उभे राहतात. एकीकडे बियाणें, खतें व मशागतीची मजुरी. दुसरीकडे बारावीची परीक्षा उतरलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या पुढील शिक्षणाची तजवीज. पहिल्या खर्चाचा हिशेब आमचे शेतकरी बांधव चोख ठेवतात. बियाण्याच्या पिशवीवरील नांव कितीही मोठें असलें तरी गेल्या सालीं शेजाऱ्याच्या रानांत तें कसें उगवलें याची चौकशी केल्यावांचून ते गांठीचा पैसा सोडीत नाहींत. परंतु दुसऱ्या खर्चाची गोष्ट निघाली कीं हींच चिकित्सक माणसें एकाएकीं भोळीं होतात, आणि एस. टी. स्थानकासमोरील फलकावर जें नांव मोठ्या अक्षरांत रंगविलेलें असेल तेथेंच मुलाचें कल्याण आहे असें मानूं लागतात. या विषयावर चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. आमची नोकरी महसूल खात्यांत झाली. शिक्षणाची आंतील बाजू तेथून दिसत नाहीं हें खरें; पण शिक्षणापायीं जमिनीच्या उताऱ्यावर काय उमटतें तें मात्र तेथें बसून वर्षानुवर्षें दिसत गेलें.

महाग तें नामांकित आणि स्वस्त तें सुमार, असा एक समज आमच्या समाजांत रुजला आहे. कापडाच्या किंवा इंजिनाच्या खरेदींत तो कदाचित् खरा ठरेल. महाराष्ट्रांतील उच्च शिक्षणाच्या बाबतींत मात्र तो बहुतांशीं उलटा आहे, आणि त्याचें कारण इतिहासांत आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ १८५४ सालचा. नागपूरचें कृषि महाविद्यालय १९०६ चें व पुण्याचें १९०७ चें. पुढें राहुरी येथें १९६८ सालीं, अकोला येथें १९६९ सालीं आणि परभणी व दापोली येथें १९७२ सालीं कृषि विद्यापीठें निघालीं. ज्या संस्थांचें नांव आज चार ठिकाणीं आदरानें घेतलें जातें त्यांतील बऱ्याचशा याप्रमाणें सार्वजनिक पैशांतून उभ्या राहिल्या. त्यांचीं शेतें, प्रयोगशाळा व ग्रंथालयें पिढ्यान् पिढ्या जमत आलीं. त्यांचा मोठा खर्च तिजोरी सोसते, म्हणून विद्यार्थ्याकडून घ्यावयाचें शुल्क थोडें. मात्र तेथील जागा मिळवावयाची तर गुण लागतात. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं अशी तक्रार मांडली होती कीं, सरकारचें उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमांतून निघतें आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरीं पडतो. त्यांचेंच नांव धारण करणाऱ्या राहुरीच्या विद्यापीठांत आज रयतेच्या मुलास थोडक्या शुल्कांत शिकतां येतें. असें असतां, गुणांवर मिळत असलेली जागा सोडून कित्येक पट दामानें दुसरें नांव विकत घेण्यास निघणें हें आम्हांस नीट समजत नाहीं.

खासगी संस्था वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतील कांहीं उत्तम आहेत, आणि गुणांच्या यादींत सरकारी जागा थोडक्यांत हुकलेल्या पुष्कळ मुलांस त्यांनींच आधार दिला आहे. परंतु त्यांचें शुल्क कशावरून ठरतें हें पाहावें. विनाअनुदान व्यावसायिक महाविद्यालयांचें शुल्क २०१५ च्या कायद्यान्वयें नेमलेलें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें, आणि तें मुख्यत्वें त्या त्या संस्थेच्या जमाखर्चावरून. तेव्हां शुल्काचा आंकडा मोठा, याचा अर्थ संस्थेचा खर्च मोठा एवढाच निघतो. तो खर्च चांगल्या शिक्षकावर झाला कीं प्रवेशद्वाराच्या कमानीवर, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं.

आमच्या वाचकांच्या मुलांचा ओढा ज्या शिक्षणाकडे स्वाभाविकपणें असतो त्या कृषि पदवीचेंच उदाहरण घेऊं. चार वर्षांचा हा अभ्यासक्रम सरकारी महाविद्यालयांत पुरा केला काय, किंवा कृषि विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या खासगी महाविद्यालयांत पुरा केला काय, पदवीपत्र त्या विद्यापीठाचेंच मिळतें. मग शुल्कांत जो फरक पडतो तो कशाचा? पदवीवरील नांवाचा तर खास नव्हे. या फरकाच्या मोबदल्यांत खरोखर कांहीं मिळतें कीं नाहीं हें पारखण्यास शेतकऱ्यासारखा दुसरा परीक्षक नाहीं. प्राध्यापकांच्या पदव्यांचीं अक्षरें त्यास कळलीं नाहींत तरी शेत कळतें. त्यानें महाविद्यालयाच्या कचेरींत माहितीपुस्तिका घेऊन तसेंच परत न येतां तडक प्रक्षेत्रावर जावें. विहिरीस उन्हाळ्यांत पाणी किती राहतें, बांधबंदिस्ती झाली आहे कीं नाहीं, जनावरें नुसतीं कागदावर आहेत कीं दावणीस, माती तपासण्याच्या खोलींतील बाटल्यांवर धूळ किती बसली आहे, रोपवाटिकेंतील कलमें मुलांच्या हातचीं आहेत कीं बाहेरून आणून मांडलीं आहेत, हें पाहण्यास त्यास अर्धा तास पुरे. गड्यास बाजूस घेऊन मुलें आठवड्यांतून कितीदां शेतावर येतात एवढें विचारलें तर निम्मी परीक्षा तेथेंच झाली.

आणखी एक परीक्षा तर घरबसल्या होते, आणि तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. पदवीच्या शेवटच्या वर्षांत विद्यार्थ्यांस ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं खेड्यांत राहावें लागतें. आपल्या गांवांत पावसाळ्यांत जे कृषिदूत व ज्या कृषिकन्या येतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीजवळ रांगोळीनें गांवाचा नकाशा काढतात व बीजप्रक्रियेचें प्रात्यक्षिक करून छायाचित्र घेतात, तींच हीं मुलें. छायाचित्र निघाल्यावर तीं काय करतात इकडे लक्ष द्यावें. कांहीं महाविद्यालयांचीं मुलें बांधावर बसून शेतकऱ्याशीं तास तास बोलतात, बोंडअळीचा पतंग ओळखतात, खताची मात्रा एकरावरून गुंठ्यावर आणून सांगतात. कांहीं ठिकाणच्या मुलांस तूर आणि ताग यांतील फरक विचारावा लागतो. महाविद्यालयाचें नांव काय तोलाचें आहे याचा पुरावा दर वर्षीं असा आपल्या दारांत चालत येतो. फलक वाचण्यासाठीं तालुक्यास जाण्याचें कारण नाहीं.

नांवास कांहींच किंमत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. राज्य लोकसेवा आयोगाच्या किंवा बँकांतील शेती अधिकाऱ्यांच्या परीक्षेस बसतांना पदवी मान्य आहे एवढेंच पाहतात, महाविद्यालय कोणतें हें विचारीत नाहींत. पण खासगी कंपन्या उमेदवार निवडण्यास सर्वच ठिकाणीं जात नाहींत, निवडक ठिकाणींच जातात. शिवाय ज्या वर्गांत कठीण परीक्षा उतरून आलेलीं मुलें बसलेलीं असतात तेथें शेजाऱ्याकडूनच अर्धें शिक्षण होतें. पदव्युत्तर शिक्षणाकडे डोळा असेल तर भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृति आहे कीं नाहीं, ही चौकशी तर प्रवेशापूर्वींच व लेखी करावी. तेव्हां नांवाचा लाभ होतो हें आम्हांस मान्य आहे. परंतु हा लाभ देणारें नांव बहुधा परीक्षेनें मिळतें आणि पैशानें मिळणारें नांव बहुधा हा लाभ देत नाहीं, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मुलाच्या अंगीं खरी हुशारी असेल तर त्यास दूर पाठविण्यास भिऊं नये. इतर राज्यांतील कृषि विद्यापीठांतल्या कांहीं जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात. २०२३ पासून त्या सीयूईटी या परीक्षेच्या गुणांवर दिल्या जाऊं लागल्या. १९६० सालीं निघालेलें पंतनगरचें किंवा १९६२ चें लुधियान्याचें विद्यापीठ हीं देशांत गाजलेलीं नांवें आहेत, आणि परप्रांतांत जाणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठीं परिषदेची शिष्यवृत्तिही आहे. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलास आयआयटींत जागा मिळाली तर २०१६ पासूनचें सालीना दोन लक्ष रुपयांचें शिकवणी शुल्क ऐकून बापानें हाय खाऊं नये. अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस, तसेंच कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एक लक्षाच्या आंत असल्यास तें पूर्ण माफ आहे, आणि एक ते पांच लक्षांपर्यंतच्या उत्पन्नास दोन तृतीयांश माफ आहे. अशा ठिकाणीं कर्ज काढावें लागलें तरी तें काढावें, असेंच आमचें मत आहे.

अडचण येते ती मधल्या मुलांची, म्हणजे बहुसंख्य मुलांची. त्यांच्यासाठीं आम्ही कचेरीच्या रीतीनें एक हिशेब मांडतों. समजा, एका ठिकाणीं शुल्क, खोली, खानावळ, पुस्तकें व जाण्यायेण्याचें भाडें धरून चार वर्षांचा एकंदर खर्च तीन लक्ष रुपये येतो, आणि दुसरीकडे नऊ लक्ष. फरक सहा लक्षांचा. हे सहा लक्ष शेंकडा ११ दरानें कर्जाऊ काढले तर नुसतें व्याज सालीना ६६,००० रुपये, म्हणजे दरमहा ५,५०० रुपये होतें. मुद्दल अजून जागचें हललेलें नाहीं. आतां त्या दुसऱ्या संस्थेच्या नांवामुळें मुलाच्या पगारांत दरमहा साडेपांच हजारांहून अधिक भर, आणि तीही वर्षानुवर्षें, पडेल काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा. उत्तर शोधतांना जाहिरातींतील सर्वांत मोठ्या पगाराच्या मुलाकडे पाहूं नये. वर्गांत साठ मुलें असतील तर उरलेल्या एकुणसाठांचें काय झालें तें विचारावें. आमच्या खात्यांत पाटाच्या कडेच्या एका वाफ्यावरून सबंध गांवची पैसेवारी कधीं कोणी काढली नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्या जमिनीकडे वळूं. शिक्षणकर्ज सहज मिळतें अशी समजूत आहे, आणि लहान रकमेपुरती ती खरीही आहे. साडेसात लक्षांपर्यंतच्या कर्जास सरकारी हमीच्या योजनेखालीं तारणाशिवाय कर्ज देण्याची सोय आहे. निवडक नामांकित संस्थांत गुणांवर प्रवेश मिळविणाऱ्यांसाठीं नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र मंत्रिमंडळानें पीएम विद्यालक्ष्मी ही योजना मंजूर केली. तींत तारणही लागत नाहीं व जामीनही लागत नाहीं, आणि आठ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दहा लक्षांपर्यंतच्या कर्जावर व्याजांत शेंकडा ३ ची सूट आहे. परंतु रक्कम मोठी झाली आणि संस्था त्या यादींतली नसली कीं बँक तारण मागते. शेतकरी सातबारा पुढें करतो, आणि बँकेचा अधिकारी तो परत करतो. यांत त्या अधिकाऱ्याचा आडमुठेपणा नसतो. बँकांस तारण परस्पर ताब्यांत घेऊन विकण्याचा अधिकार देणारा जो २००२ चा कायदा आहे तो शेतजमिनीस लागू नाहीं. सबब बिगरशेती प्लॉट किंवा घर नसेल तर मोठ्या कर्जाचा दरवाजा बहुधा बंद होतो. ज्याच्याजवळ दहा एकर रान आहे असा मनुष्य बँकेच्या लेखीं विनातारण ठरतो, हें अनेकांस त्या दिवशींच प्रथम कळतें. आणि तोंवर महाविद्यालयांत आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

तेथून पुढें तीन वाटा फुटतात. पहिली पीककर्जाची. खरिपासाठीं उचललेली रक्कम मुलाच्या शुल्कांत जाते. २०२१ पासून महाराष्ट्रांत मुदतींत फेड करणाऱ्यास तीन लक्षांपर्यंतचें पीककर्ज बिनव्याजी पडूं लागलें; मुदत चुकली कीं ही सवलत जाते, खातें थकीत होतें, आणि पुढील हंगामाचें कर्जही अडतें. म्हणजे शुल्काच्या पावतीवर जो आंकडा असतो त्याहून खरा खर्च अधिक असतो, आणि तो बियाण्यांत व खतांत कपात करून भरला जातो. दुसरी वाट विक्रीची. थोडीशी जमीन विकून भागवूं म्हणावें तर निव्वळ शेतजमिनींत १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा काढून देतां येत नाहीं. तिसरी वाट सावकाराची, आणि ती सर्वांत वाईट. २०१४ च्या सावकारी कायद्यानें परवाना, व्याजदर व हिशेब यांचीं बंधनें घातलीं आहेत हें खरें. तरीही व्यवहार असा होतो: रक्कम उसनी, तोंडी बोली परत फिरविण्याची, आणि दस्त मात्र उघड खरेदीखताचा. दुय्यम निबंधकापुढें सही झाली कीं गांवच्या दप्तरीं फेरफार धरला जातो आणि सातबाऱ्यावरचें नांव कमी होतें. अशा खरेदीखताविरुद्ध त्याच कायद्याखालीं जिल्हा निबंधकाकडे अर्ज करण्याची तरतूद आहे. पण ती तोंडी बोली शाबीत करतां करतां मुलाची पदवी पुरी होते आणि नोकरी लागून तीही एकदोनदां बदलते. एका नांवासाठीं दुसरें नांव उताऱ्यावरून कमी झालेलें आम्हीं असंख्य वेळां पाहिलें आहे, आणि फेरफाराच्या रकान्यांत शिक्षण हा शब्द कोठेंच नसतो.

या सर्वांत मुलाचा आग्रह किती आणि बापाची हौस किती, हा प्रश्न नाजूक आहे. लग्नाच्या बैठकींत मुलगा पुण्यास अमुक ठिकाणीं शिकतो असें सांगतां यावें, याची किंमत पुष्कळदां त्या शुल्कांत मिसळलेली असते. हौसेस मोल नसतें हें आम्ही जाणतों. पण ती हौस आहे एवढें मनाशीं तरी कबूल करावें, म्हणजे कोणता पैसा मुलाच्या विद्येसाठीं चालला आहे आणि कोणता आपल्या मानासाठीं, हें निराळें लिहितां येईल.

आणि येथें मुलीची गोष्ट काढल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. मुलास दूरच्या महागड्या महाविद्यालयांत घालावयाचें म्हणून मुलीस तालुक्याच्या गांवीं जी शाखा असेल तींत नांव घालून मोकळें होणें, हा प्रकार सर्रास चालतो. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित जमिनींत तिचा हिस्सा भावाच्या बरोबरीचा झाला. तेव्हां भावाच्या शुल्कासाठीं जी जमीन जाते तींत तिचीही जमीन जाते. गंमत अशी कीं, घरांतील स्वस्त व चांगलें शिक्षण बहुधा तिलाच मिळण्याजोगें असतें. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानें आर्थिकदृष्ट्या दुर्बळ, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें उत्पन्न आठ लक्षांच्या आंत आहे त्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें, आणि त्यांत कृषि शिक्षणही आहे. अट इतकीच कीं प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरींतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस, तसेंच खासगी अभिमत विद्यापीठांस व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांस ही माफी नाहीं. मुलांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची जी निम्म्या शुल्काची योजना आहे तीही केंद्रीभूत फेरीच्या प्रवेशावरच अवलंबून असते. म्हणून निकालाच्या आठवड्यांत कोणी एजंट घरीं येऊन जागा आजच राखून ठेवा असें म्हणूं लागला तर त्यास चहा द्यावा आणि पाठवून द्यावें. त्याच्या हातीं रक्कम देणें म्हणजे पुढील चार वर्षांची माफी आपल्या हातानें सोडून देणें होय.

राहतां राहिले दाखले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा व नॉन क्रिमीलेअरचा, अधिवासाचा, आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या पंजाबराव देशमुख योजनेसाठीं अल्पभूधारकाचा, इतके दाखले महसूल खात्यांतून निघतात. चौकशीचें मूळ काम तलाठ्याकडे असतें. त्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण दप्तर तेंच आहे व सह्यांची घाईही तीच आहे. जूनमध्यें सेतु केंद्रापुढें जी रांग लागते तींत उभें राहण्यापेक्षां नवें आर्थिक वर्ष लागतांच, म्हणजे एप्रिलांतच, अर्ज करावा. कृषि प्रवेशाच्या वेळीं शेतकरी कुटुंबांतील उमेदवारास गुणांत जादा भार मिळत आला आहे, आणि त्यासाठीं सातबारा लागतो. पुष्कळ घरांत तो अजून वारलेल्या आजोबांच्या नांवावरच असतो. वारसाची नोंद घालण्यास अर्ज, नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी असा क्रम आहे. कोणीं हरकत घेतली तर महिने जातात. ज्यांच्या घरीं पुढील सालीं बारावीस बसणारें मूल आहे त्यांनीं आपला उतारा याच महिन्यांत काढून पाहावा.